पडद्याबाहेर गेलेला ताळेबंद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७५ प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, संस्थेला वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्यामुळे ऑगस्टच्या मध्यापासून सांगली आणि सातारा जिल्ह्यांतली मंगल कार्यालये सभांनी भरून जातात. पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायट्या, सूतगिरण्या, साखर कारखाने यांचे अहवाल आता पुस्तिकेबरोबर पडद्यावरही दाखवले जातात. ही फार चांगली गोष्ट आहे, कारण पुस्तिका न उघडणारा सभासदही पडद्याकडे पाहतो. पण याच पडद्यावर एक दोष वारंवार दिसतो. संस्थेचे गोल बोधचिन्ह अंड्यासारखे पसरलेले असते, संचालकांचे चेहरे रुंद झालेले असतात आणि ताळेबंदाची उजवी कड पडद्याबाहेर गेलेली असते. ताळेबंदात डावीकडे भांडवल व देणी आणि उजवीकडे जिंदगी (मालमत्ता) व येणी असतात. उजवी कड कापली गेली की जिंदगीच्या बाजूचे चालू वर्षाचे आकडेच जातात. सभासदाला जे पाहायचा हक्क आहे तेच दिसत नाही, म्हणून हा विषय आम्हाला सजावटीचा वाटत नाही.

सभेच्या दिवशी दोष प्रोजेक्टरला दिला जातो. बहुतेक वेळा प्रोजेक्टर ठीक असतो. चूक काही महिने आधी, संस्थेचे टेम्प्लेट, म्हणजे स्लाइडचा तयार साचा, ज्या फाइलीतून तयार झाले त्या फाइलीत झालेली असते. स्लाइडच्या रुंदीचे उंचीशी प्रमाण किती ठेवायचे हे कोणी ठरवलेलेच नसते. एका कर्मचाऱ्याची फाइल जुन्या मापाची, दुसऱ्याची नव्या मापाची, लेखापरीक्षकांकडून आलेली तिसऱ्याच मापाची, आणि सभेच्या आदल्या रात्री या सगळ्यांची एक पीपीटी केली जाते.

मापे आधी स्पष्ट सांगतो. पॉवरपॉइंट २०१० पर्यंत नवीन फाइल उघडली की स्लाइड २५.४ सेंटिमीटर रुंद आणि १९.०५ सेंटिमीटर उंच, म्हणजे ४:३ प्रमाणाची मिळे. २०१३ च्या आवृत्तीपासून ती ३३.८६७ बाय १९.०५ सेंटिमीटर, म्हणजे १६:९ झाली. उंची तीच राहिली, रुंदी वाढली. इथपर्यंत सोपे आहे. गोंधळ होतो तो १६:९ ची दोन मापे चालू असल्यामुळे. पॉवरपॉइंटच्या यादीत 'ऑन-स्क्रीन शो (१६:९)' असा एक पर्याय आजही आहे. त्याची स्लाइड २५.४ बाय १४.२९ सेंटिमीटरची असते. गूगल स्लाइड्सही नवीन फाइल याच लहान मापाने देते, आणि लिबरऑफिस इम्प्रेसची १६:९ स्लाइड २८ बाय १५.७५ सेंटिमीटरची असते. पडद्यावर तिन्ही सारख्याच दिसतात. मग बिघडते कुठे? एकीतला मजकूर दुसरीत चिकटवताना.

अक्षराचा आकार आपण पॉइंटमध्ये देतो आणि पॉइंट हे कागदावरचे माप आहे, एका इंचात ७२. मोठ्या १६:९ स्लाइडची उंची ७.५ इंच, म्हणजे ५४० पॉइंट. लहान १६:९ स्लाइडची उंची ५.६२५ इंच, म्हणजे ४०५ पॉइंट. पडद्यावर दोन्ही सारख्याच उंचीने पसरतात, म्हणून लहान स्लाइडवरचे १८ पॉइंटचे अक्षर आणि मोठ्या स्लाइडवरचे २४ पॉइंटचे अक्षर डोळ्यांना एकसारखे दिसते. आता लहान स्लाइडवरची चौकट किंवा तक्ता उचलून मोठ्या स्लाइडवर चिकटवला तर तो स्वतःच्या मूळ मापानेच येतो. अक्षर १८ पॉइंटचेच राहते आणि शेजारच्या मजकुरापेक्षा बारीक दिसते. मग कोणीतरी तो तक्ता ओढून मोठा करतो. चौकट मोठी होते, पण आतली अक्षरे तेवढीच राहतात. उलट दिशेने तर जास्त पंचाईत होते. तक्ता ओढून लहान करायला गेले तर आतला मजकूर जेवढी जागा धरून बसला आहे त्याच्याखाली ओळीची उंची जातच नाही, आणि तक्ता खालच्या कडेतून बाहेर पडतो. तक्त्यातली अक्षरे निवडून त्यांचा पॉइंट बदलणे एवढाच त्यावर उपाय आहे.

म्हणून संस्थेने एकच माप ठरवावे आणि ते लिहून ठेवावे. आमचे मत स्पष्ट आहे: मूळ टेम्प्लेट ३३.८६७ बाय १९.०५ सेंटिमीटरचेच असावे. कुपवाड, मिरज, पलूस किंवा सातारा एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांना पुण्यातल्या ग्राहक कंपन्यांकडून सादरीकरणासाठी जी टेम्प्लेट येतात तीही बहुधा याच मापाची असतात. आपले मूळ माप तेच असले तर स्लाइड इकडून तिकडे नेताना काही मोडत नाही. फाइल कोणत्या मापाची आहे हे पाहायला अर्धे मिनिट लागते. 'डिझाइन' टॅब, उजवीकडे 'स्लाइड साइझ', त्यात 'कस्टम स्लाइड साइझ'. तिथे रुंदी-उंचीचे आकडे दिसतात. नावावर जाऊ नये, आकडे पाहावेत.

आता सर्वांत जास्त नुकसान करणाऱ्या बटणाविषयी. सभागृहात गेल्यावर कळते की प्रोजेक्टर जुना, ४:३ चा आहे. मग कोणीतरी उभ्या उभ्या 'स्लाइड साइझ'मध्ये जाऊन '४:३' निवडतो. पॉवरपॉइंट विचारते: 'मॅक्सिमाइझ' की 'एन्शुअर फिट'? 'मॅक्सिमाइझ' म्हटले तर मजकूर आहे त्या आकाराचा राहतो आणि स्लाइडची रुंदी ३३.८६७ वरून २५.४ वर येते. ८.४६७ सेंटिमीटर कमी झाले, म्हणजे दोन्ही बाजूंनी ४.२३ सेंटिमीटरच्या पट्ट्या स्लाइडबाहेर गेल्या. ताळेबंदाची उजवी कड जाते ती इथे. 'एन्शुअर फिट' म्हटले तर सगळे तीन-चतुर्थांश आकाराचे होते. काही कापले जात नाही, पण २४ पॉइंटचे अक्षर १८ चे होते आणि वर-खाली रिकामी जागा सुटते. सभा झाल्यावर तीच फाइल परत १६:९ करून पुढच्या वर्षासाठी ठेवली, तर वस्तू पूर्वीच्या मापाला आणि पूर्वीच्या जागी येतीलच असे नाही. अशा दोन-तीन फेऱ्या झालेल्या फाइलीत कोणतीही चौकट सरळ रेषेत उरत नाही. पार्श्वभूमीला छायाचित्र भरलेले असेल तर ते नव्या मापाला ताणले किंवा दाबले जाते. कारखान्याची चिमणी बुटकी किंवा उंच दिसू लागते ती यामुळे. पॉवरपॉइंट २०१० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत तर स्लाइडवरची प्रत्येक वस्तूच अशी ताणली जाई.

अनेकांना प्रश्न पडतो की मायक्रोसॉफ्टच्या तयार थीमवर माप बदलले की सगळे नीट बसते, मग आमच्याच टेम्प्लेटवर का मोडते? २०१३ पासूनच्या त्या तयार थीममध्ये ४:३ आणि १६:९ असे दोन्ही आराखडे आतच भरलेले असतात, आणि माप बदलले की पॉवरपॉइंट दुसरा आराखडा लावते. आपण हाताने बनवलेल्या टेम्प्लेटमध्ये एकच आराखडा असतो. त्याला ओढूनताणून बसवण्यावाचून पॉवरपॉइंटपुढे दुसरा मार्ग नसतो.

यातून निघणारी रीत अशी की माप बदलायचे बटण भरलेल्या फाइलीवर कधीच दाबू नये. ज्यांच्या सभागृहात अजून ४:३ चे प्रोजेक्टर आहेत त्यांनी ४:३ चे दुसरे टेम्प्लेट वेगळे, हाताने बांधून ठेवावे. ते बांधताना रिकाम्या फाइलीपासून सुरुवात करावी. आधी माप, मग 'व्ह्यू'मधून 'स्लाइड मास्टर'. डावीकडे सर्वांत वरची मोठी स्लाइड म्हणजे मास्टर, सगळ्या स्लाइडचा मूळ साचा. तिच्याखालचे लेआउट, म्हणजे मांडणीचे वेगवेगळे नमुने. कोऱ्या फाइलीत अकरा लेआउट येतात. सभेच्या कामाला पाच-सहा पुरतात: मुखपृष्ठ, शीर्षक आणि मजकूर, दोन स्तंभ, पूर्ण रुंदीचा तक्ता, छायाचित्र आणि कोरी. बाकीचे काढून टाकावेत, कारण जेवढे लेआउट ठेवाल तेवढ्यांची जागा दोन्ही टेम्प्लेटमध्ये जुळवावी लागते. लेआउटची नावे दोन्हीकडे अक्षरशः एकच ठेवावीत. मग १६:९ मधल्या स्लाइड ४:३ च्या फाइलीत 'यूझ डेस्टिनेशन थीम' निवडून चिकटवल्या की बहुतेक मजकूर योग्य चौकटीत जाऊन बसतो आणि जो बसला नाही तो 'होम'मधल्या 'रिसेट'ने बसतो. मात्र हे साधते ते मजकूर लेआउटच्या चौकटींत लिहिला असेल तरच. स्वतंत्र टेक्स्ट बॉक्स काढून त्यात लिहिलेले पॉवरपॉइंटच्या लेखी सुटी वस्तू असते, 'रिसेट' तिला हात लावत नाही. टेम्प्लेट वापरणाऱ्यांना एकच गोष्ट शिकवायची झाली तर आम्ही हीच शिकवू.

'कीप सोर्स फॉरमॅटिंग' हा पर्याय दिसायला गोड आहे, पण तो स्लाइडबरोबर तिचा जुना मास्टरही आणतो. दहा ठिकाणच्या स्लाइड अशा चिकटवल्या की 'स्लाइड मास्टर'मध्ये '१_ऑफिस थीम', '२_ऑफिस थीम' अशी रांग लागते. एका फाइलीत माप एकच असू शकते, आडवे-उभेही एकच. म्हणजे हे सगळे पाहुणे मास्टर यजमानाच्या मापात कोंबलेले असतात. कोणत्याही स्लाइडवर न लागलेले मास्टर शोधून काढून टाकावेत. मास्टरवर 'प्रिझर्व्ह'ची खूण असेल तर तो वापरात नसला तरी आपोआप जात नाही, हाताने काढावा लागतो.

बोधचिन्ह नेहमी मास्टरवर एकदाच ठेवावे, प्रत्येक स्लाइडवर चिकटवू नये. ते उजव्या कडेला चिकटून नसावे. कडेपासून आत पाच टक्के जागा मोकळी सोडण्याची सवय चांगली. १६:९ च्या मूळ मापात ती डावी-उजवीकडे सुमारे १.७ आणि वर-खाली ०.९५ सेंटिमीटर होते. मास्टरमध्ये याच अंतरावर मार्गदर्शक रेषा (गाइड) आखून ठेवल्या की त्या सगळ्या स्लाइडवर दिसतात. दिसत नसल्या तर 'ऑल्ट' आणि 'एफ ९' दाबावे. चित्र मोठे-लहान करताना कोपऱ्याची खूण ओढावी. कडेच्या मधली खूण ओढली तर 'लॉक अ‍ॅस्पेक्ट रेशो'ची खूण असूनही चित्र एका दिशेने ताणले जाते. ताणलेले चित्र सरळ करायला 'रिसेट पिक्चर अँड साइझ' आहे, पण चित्र मुळात ताणूनच सेव्ह केलेले असेल तर त्याला औषध नाही, मूळ फाइलच शोधावी लागते. संस्थेकडे बोधचिन्हाची मूळ फाइल नसणे हे आपल्याकडे इतके सर्रास आहे की पुस्तिकेच्या मुखपृष्ठावरून मोबाइलने फोटो काढून तो वापरला जातो. छापखान्याकडून ती मूळ फाइल मागून घ्यावी.

मराठी मजकुराचे स्वतःचे दोन प्रश्न आहेत आणि बाहेरून आणलेल्या टेम्प्लेटमध्ये त्यांचा विचार नसतो. २०१३ पासूनच्या कोऱ्या थीममध्ये मजकुराच्या ओळींमधले अंतर ०.९ पट ठेवलेले असते. रोमन लिपीला ते चालते. देवनागरीत वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात. मास्टरमध्येच हे अंतर १ ते १.१ करावे आणि त्यासाठी चौकटीची उंची आधीच वाढवून ठेवावी. दुसरा प्रश्न लांब शब्दांचा. 'सर्वसाधारण', 'व्यवस्थापकीय', 'लेखापरीक्षण' हे शब्द ओळीच्या शेवटी तुटत नाहीत. १६:९ वर एका ओळीत बसलेले शीर्षक ४:३ वर दोन ओळींचे होते आणि मजकुरावर चढते. त्यात 'श्रिंक टेक्स्ट ऑन ओव्हरफ्लो' चालू असेल तर एका स्लाइडचे शीर्षक ३६ पॉइंटचे, पुढचे ३२ चे, त्यापुढचे २८ चे असे उड्या मारत राहते. शीर्षकाच्या चौकटीला 'डू नॉट ऑटोफिट' लावावे आणि ४:३ च्या टेम्प्लेटमध्ये ती चौकट पहिल्यापासून दोन ओळींची बांधावी. फाँट युनिकोडच असावा. निर्मला यूआय विंडोज ८ पासून प्रत्येक संगणकात असतो. जुन्या पद्धतीच्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा होतो, हे बहुतेकांनी अनुभवले आहे.

प्रोजेक्टरकडे येऊ. जुने बहुतेक प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचे (पिक्सेलचे), ४:३ चे. काही १२८० बाय ८०० चे, म्हणजे १६:१० चे. नवे आणि टीव्ही १९२० बाय १०८० चे, १६:९ चे. ४:३ च्या प्रोजेक्टरवर १६:९ ची स्लाइड लावली तर वर-खाली काळे पट्टे येतात आणि पडद्याची तीन-चतुर्थांश उंचीच वापरात येते. १६:१० वर दहा टक्के उंची जाते, ती फारशी जाणवत नाही. काळे पट्टे ही चूक नाही, चित्र खरे दिसत असल्याची ती खूण आहे. ते घालवण्यासाठी रिमोटवरून 'फुल' किंवा 'स्ट्रेच' लावले की चेहरे लांबुडके होतात. उलट ४:३ ची स्लाइड १६:९ वर ताणली तर ती ३३ टक्के रुंद होते. प्रोजेक्टरच्या 'अ‍ॅस्पेक्ट'मध्ये 'ऑटो' किंवा 'नॉर्मल' असावे.

पट्ट्यांची किंमत अक्षरांना मोजावी लागते. मंगल कार्यालयातला साधारण पडदा ८ फूट रुंद आणि ६ फूट उंच धरू. ४:३ ची स्लाइड तो पूर्ण भरते आणि २४ पॉइंटचे अक्षर सुमारे ८ सेंटिमीटरच्या मापाचे पडते. त्याच पडद्यावर १६:९ ची स्लाइड ८ बाय साडेचार फुटांत बसते आणि तेच अक्षर ६ सेंटिमीटरवर येते. मागच्या रांगेतल्या वयस्क सभासदाला हा फरक पुरेपूर कळतो. म्हणून ४:३ च्या पडद्यावर १६:९ दाखवणे अपरिहार्य असेल तर तक्त्यातले अक्षर २४ ऐवजी ३२ पॉइंटचे हवे. ते बसत नसेल तर ताळेबंदाच्या दोन स्लाइड कराव्यात, एकीवर देणी आणि एकीवर जिंदगी. पूर्ण ताळेबंद एकाच स्लाइडवर बसवण्याचा आग्रह कशासाठी, हे आम्हाला कधी पटलेले नाही. पुस्तिकेत तो एका पानावर असतोच.

लॅपटॉप जोडताना विंडोजचे बटण आणि 'पी' दाबून 'डुप्लिकेट' निवडण्याची सवय सगळ्यांना आहे. त्यात लॅपटॉप आणि प्रोजेक्टर दोघांनाही झेपेल असे एकच माप विंडोज लावते, आणि ते दोघांपैकी एकाला तरी बेताचेच असते. 'एक्स्टेंड' निवडावे. मग डिस्प्ले सेटिंगमध्ये प्रोजेक्टरवर क्लिक करून 'रेकमेंडेड' लिहिलेले माप ठेवावे. टीव्ही असेल आणि चारही कडा थोड्या कापल्या जात असतील तर ते टीव्हीच्या चित्रमापाच्या सेटिंगमुळे होते. वेगवेगळ्या टीव्हींवर त्याला 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' अशी नावे असतात, तो पर्याय चालू केला की कडा परत येतात.

गेल्या काही वर्षांत सभेला भाड्याने एलईडी भिंत आणण्याची पद्धत आली आहे. इथे प्रमाणाचा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि सर्वांत जास्त बिघडतो. भिंत फुटांवर ठरते. १२ बाय ८ फुटांची भिंत म्हणजे ३:२ प्रमाण झाले. १६:९ ची स्लाइड तिच्यावर १२ बाय पावणेसात फुटांत बसते आणि सव्वा फूट उंची रिकामी राहते. रिकामी जागा दिसली तर ग्राहक तक्रार करेल म्हणून ऑपरेटर चित्र उंचीत ताणून भिंत भरून टाकतो, आणि प्रत्येक वस्तू साडेअठरा टक्के उंच होते. त्याला आधीच सांगावे की चित्र ताणायचे नाही, पट्टे राहिले तरी चालतील. भिंत भरूनच हवी असेल तर पॉवरपॉइंटच्या मापांच्या यादीत '३५ एमएम स्लाइड्स' नावाचा जुना पर्याय आहे. त्याचे माप २८.५७५ बाय १९.०५ सेंटिमीटर, बरोबर ३:२. त्या मापाचे टेम्प्लेट वेगळे बांधून ठेवता येते. आणखी एक गोष्ट ऑपरेटरला विचारावी: भिंत किती ठिपक्यांची आहे? दोन ठिपक्यांमध्ये ३.९१ मिलिमीटर अंतर असलेल्या भिंतीत १२ फुटांमध्ये सुमारे ९३५ ठिपके मावतात. लॅपटॉपच्या १९२० ठिपक्यांत स्पष्ट दिसणारे बारीक आकडे तिथे फुटतात, भिंत कितीही मोठी असली तरी.

काही ठिकाणी ऑपरेटर पीपीटीऐवजी चित्रे मागतो आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली जातात. पॉवरपॉइंट मोठ्या १६:९ स्लाइडचे चित्र १२८० बाय ७२० ठिपक्यांचे काढते, लहान १६:९ चे ९६० बाय ५४० चेच. तेच चित्र फोटो म्हणून पाठवले तर व्हॉट्सअ‍ॅप ते आणखी दाबते. डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, किंवा सरळ पीडीएफ द्यावी. पीडीएफमध्ये स्लाइडचे प्रमाण आणि फाँट दोन्ही जसेच्या तसे राहतात. पेनड्राइव्हवर पीपीटीबरोबर पीडीएफ असलीच पाहिजे. अ‍ॅडोबीच्या रीडरमध्ये 'कंट्रोल' आणि 'एल' दाबले की ती पूर्ण पडद्यावर चालते.

छपाईसाठी पडद्याची फाइल वापरू नये. ए४ कागद २९.७ बाय २१ सेंटिमीटरचा असतो, म्हणजे प्रमाण १.४१. १६:९ ची स्लाइड त्यावर पूर्ण रुंदीने छापली तरी ४.३ सेंटिमीटर उंची कोरी राहते. आणि यादीतला 'ए४ पेपर' हा पर्याय फसवा आहे. तो निवडला की स्लाइड २७.५१७ बाय १९.०५ सेंटिमीटरची होते, खऱ्या ए४ च्या मापाची नाही आणि नेमक्या प्रमाणाचीही नाही. अहवाल पीपीटीतच मांडायचा असेल तर २९.७ आणि २१ हे आकडे हाताने भरावेत.

टेम्प्लेट एकदा नीट बांधले की ते टिकवणे हे वेगळे काम आहे. ते 'पीओटीएक्स' प्रकारात सेव्ह करावे. त्यावर डबल क्लिक केले तर नवी कोरी फाइल उघडते आणि मूळ तसेच राहते. पण पॉवरपॉइंट आधी उघडून 'ओपन'मधून ते घेतले तर मूळच उघडते, आणि 'सेव्ह' दाबले की बदललेले टेम्प्लेट सगळ्यांच्या वाट्याला येते. म्हणून सामायिक फोल्डरमध्ये ती फाइल 'रीड ओन्ली' ठेवावी आणि लिहिण्याची परवानगी एकाच कर्मचाऱ्याकडे असावी. शाखांना व्हॉट्सअ‍ॅपवर टेम्प्लेट पाठवले की प्रत्येक शाखेत त्याची एक प्रत तयार होते आणि वर्षभरात सांगलीचे वेगळे, विट्याचे वेगळे, कराडचे वेगळे अशी अवस्था होते. फाइलच्या नावात प्रमाण आणि आवृत्ती दोन्ही असावीत. लेआउटवर, स्लाइडच्या चौकटीबाहेरच्या करड्या जागेत, आवृत्ती क्रमांक आणि 'या फाइलीचे माप बदलू नये' एवढे लिहून ठेवावे. काम करताना ते दिसते, पडद्यावर येत नाही.

सभेच्या आधी तपासायला एक चाचणी स्लाइड टेम्प्लेटमध्येच शेवटी ठेवावी. तिच्यावर एक मोठे वर्तुळ, चारही कडांना लागून एक रेषा, आणि १८, २०, २४, २८, ३२ पॉइंटमध्ये एकेक ओळ, शक्यतो आकड्यांची. सभागृहात ती लावून वर्तुळ पडद्यावर टेपने आडवे आणि उभे मोजावे. दोन मापे सारखी आली नाहीत तर कुठेतरी ताण आहे. कडेची रेषा चारही बाजूंनी दिसली नाही तर काप आहे. मग शेवटच्या रांगेत बसून कोणती ओळ वाचता येते ते पाहावे आणि तक्त्यांना तोच पॉइंट द्यावा. हे आदल्या दिवशी, त्याच लॅपटॉपवर, त्याच वायरने करावे. लॅपटॉप बदलला तर चाचणी पुन्हा.

जिल्हा सहकारी बोर्ड सचिवांसाठी आणि कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षणवर्ग घेत असते. त्यांत या विषयाला एक तास द्यावा, आणि १६:९, ४:३ व ए४ अशी तीन कोरी मराठी टेम्प्लेट वर्गाला आलेल्या संस्थांना तिथेच द्यावीत, अशी आमची आपल्या पत्राद्वारे विनंती आहे. मंगल कार्यालयांच्या चालकांनीही बुकिंगच्या पावतीवर पडद्याचे फुटांतले माप आणि प्रोजेक्टरचे ठिपके छापले, तर सचिवांना टेम्प्लेट निवडायला तेवढे पुरेल.

आपले नम्र,
सभा-अहवालांची सादरीकरणे तयार करणारे काही व्यावसायिक
विश्रामबाग, सांगली